लेव्हलराव

अमेरिकेतल्या कुठल्याही कॅम्पग्राउंडवर उन्हं कलायच्या सुमाराला एक गृहस्थ हमखास दिसतात. ट्रेलरच्या चाकाशेजारी गुडघे टेकलेले, एक गाल खडीला लावलेला, एक डोळा मिटलेला. त्यांचं काही हरवलेलं नसतं. चाक पंक्चर झालेलं नसतं. मदतीला धावून गेलात, तर ते वर न बघता हातानेच थांबवतात आणि म्हणतात, "हलू नका. पाव इंच राहिलाय."

हे लेव्हलराव. खरं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ते कॅम्पग्राउंडगणिक बदलतं. टेक्सासच्या लेव्हलरावांच्या डोक्यावर मोठी हॅट असते, मिशिगनच्या लेव्हलरावांच्या अंगात चौकड्यांचा शर्ट. मी जवळून पाहिलेली आवृत्ती मराठी आहे. मूळ गाव सातारा, मुक्काम न्यू जर्सी, व्यवसाय सॉफ्टवेअर, वय साठीच्या अलीकडचं. ध्यास एकच: आपला ट्रेलर डावी-उजवीकडे एका पातळीत उभा राहिला पाहिजे. देश, पक्ष, पगार, मुलाचं लग्न या बाबतींत थोडं इकडेतिकडे झालेलं त्यांना चालतं. ट्रेलरच्या बाबतीत नाही.

ट्रेलर म्हणजे पिकअप ट्रकच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, सगळं आत. ते उभं करायची जागा पार्कवाल्यांनी आखून दिलेली असते: खडीचा किंवा डांबराचा लांबट पट्टा, कडेला लाकडी टेबल आणि शेकोटीचं कडं, नशीब असेल तर विजेचा खांब. पावसाचं पाणी साचू नये म्हणून हा पट्टा बरेचदा मुद्दामच एका अंगाला उतरता ठेवतात. तुम्हा-आम्हाला हा उतार दिसत नाही. लेव्हलरावांना तो ट्रकमधून उतरायच्या आधीच बुडाला कळतो.

"उजवीकडे दोन डिग्री," ते सीटवरूनच जाहीर करतात. मग खाली उतरून मोजतात. एक पूर्णांक नऊ दशांश भरते. ते स्वतःवर नाराज होतात.

या वेडाचं मूळ साताऱ्यात आहे. वडिलांनी घर बांधायला काढलं तेव्हा लेव्हलराव शाळेत होते. गवंडी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जायचा आणि नळीचं दुसरं टोक धरून उभं राहायचं काम या पोराकडे असायचं. मधली नळी वाळूत, विटांत कशीही वेडीवाकडी लोळत असली, तरी दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर येऊन थांबतं. हा चमत्कार त्यांनी त्या वयात पाहिला आणि त्यातून ते आजवर बाहेर आलेले नाहीत. बाकीची मुलं क्रिकेटची बॅट मागत होती तेव्हा यांनी बुडबुड्याची पाणसळ मागितली. अजूनही त्यांच्या खिशात पेनाएवढी एक असते.

ती कुणाच्याही घरी बाहेर निघते. सत्यनारायणाला बोलावलं तर आधी चौरंग तपासला जातो. गणपतीच्या मखराखाली दुमडलेला पुठ्ठा दिसला, तर समजावं की लेव्हलराव आरतीच्या आधी येऊन गेले. एका वास्तुशांतीला त्यांनी स्वयंपाकघराच्या नव्या कोऱ्या ओट्यावर पाणसळ ठेवली, वाकून पाहिलं आणि हलकेच "हं" केलं. बोलले काहीच नाहीत. पण त्या "हं"मुळे यजमानांचा बिल्डरशी जो पत्रव्यवहार सुरू झाला, तो त्यांची मुलगी कॉलेजात गेली तरी चालू होता.

युरोपच्या सहलीत त्यांना पिसाचा मनोरा दाखवायला नेलं. बाकीचे लोक मनोऱ्याला हात लावून टेकू दिल्याचे फोटो काढत होते. लेव्हलराव गाइडला कोपऱ्यात घेऊन चौकशी करत होते. मनोरा 1990 मध्ये बंद केला, उंच बाजूच्या पायाखालची माती हळूहळू काढली, साडेपाच डिग्रीचा कल सुमारे चार डिग्रीवर आणला आणि 2001च्या डिसेंबरमध्ये लोकांना पुन्हा वर सोडलं, हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा पडला.

"काम अर्धवट टाकून दार उघडलं?" ते म्हणाले. थोडा वेळ विचार करून त्यांनी निकाल दिला, "चार डिग्रीत फ्रिज चालत नाही."

फ्रिजचं प्रकरण पुढे येईल. आधी विधी.

साइटवर पोचल्यावर बाकीची माणसं चहा टाकतात. लेव्हलराव ट्रेलर उलटा घ्यायला लागतात. ट्रेलर मागे नेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. त्यावरचा उपाय असा की हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा आणि ट्रेलर जिकडे हवा तिकडे तो न्यायचा. हे त्यांना पक्कं जमलेलं आहे. न जमलेली गोष्ट म्हणजे मागे वॉकीटॉकी घेऊन उभ्या असलेल्या वहिनींशी संभाषण.

"येऊ द्या... येऊ द्या... थोडं डावीकडे."

"डावीकडे म्हणजे तुझ्या की माझ्या?"

"झाडाच्या."

"झाडाला डावी बाजू नसते."

"मग धडकल्यावर उजवी कळेलच. अहो, थांबा!"

ट्रेलर थांबतो. शेजारच्या साइटवर खुर्च्या आपसूक आमच्या दिशेला वळतात. कॅम्पग्राउंडवर संध्याकाळची करमणूक म्हणून नवराबायकोने ट्रेलर लावण्याइतकं लोकप्रिय दुसरं काही नाही, आणि इथे तर भाषा न कळताही कथानक कळतं.

आता मुख्य अंक. लेव्हलरावांचं सूत्र आहे, "आधी आडवं, मग लांबीचं." यात ते तडजोड करत नाहीत आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर आहे. ट्रेलरच्या पुढच्या दांडीला जॅक असतो. तो फिरवला की ट्रेलरचं नाक हवं तेवढं वर-खाली होतं. पण डाव्या-उजव्या अंगाला उचलणारा असा जॅक साध्या ट्रेलरला नसतो. एक अंग खाली असेल तर त्या अंगाची चाकं कशावर तरी चढवायची, हा एकच सरळ मार्ग, आणि चाकं चढवायला ट्रक जोडलेला हवा. ट्रक सोडून मोकळं झाल्यावर "अरे, उजवीकडे कललंय" असं ध्यानात आलं, तर सगळा प्रपंच पुन्हा जोडावा लागतो. अशी माणसं दिसली की लेव्हलरावांच्या चेहऱ्यावर दया दिसते. परीक्षेला चुकीच्या दिवशी आलेल्या मुलाकडे मास्तर पाहतात, तशी.

मोजायला त्यांच्याकडे तीन साधनं आहेत. ट्रेलरच्या पुढच्या भिंतीला चिकटवलेली छोटी नळी, आत जमिनीवर ठेवायची दोन फुटी पाणसळ आणि मोबाइलशी बोलणारं एक यंत्र. यंत्र मोबाइलच्या पडद्यावर ट्रेलरचं चित्र दाखवतं आणि कुठली बाजू किती इंच उचलायची तो आकडा देतं. तिघांचं कधीच एकमत होत नाही. लेव्हलराव तिघांचंही म्हणणं ऐकून घेतात. त्यात अर्धा तास जातो.

"बुडबुडा कुठे आहे?" ते बाहेरून ओरडतात.

"तुमच्या बाजूला," वहिनी आतून.

"म्हणजे माझी बाजू उंच. ठोकळे पलीकडे!"

इथेच नवखी माणसं फसतात. बुडबुडा नेहमी उंच अंगाला पळतो. तो डावीकडे दिसतोय म्हणून डावीकडेच ठोकळे लावले, तर ट्रेलर आणखी कलतो आणि आत झोपलेलं मूल पलंगाच्या कडेला येतं. काचेच्या नळीत हा बुडबुडा सतराव्या शतकात थेव्हनो नावाच्या फ्रेंच गृहस्थाने कोंडला. लेव्हलरावांच्या यादीत थेव्हनो न्यूटनच्या वर आहे. "न्यूटनने सफरचंद खाली पडतं एवढंच सांगितलं," ते म्हणतात, "खाली म्हणजे नक्की कुठे, हे याने दाखवलं."

मग गणित. दोन्ही अंगांच्या चाकांत साधारण 6 फूट अंतर धरलं, तर एक डिग्री म्हणजे सव्वा इंच. दोन डिग्री म्हणजे अडीच. पिवळ्या रंगाचे, एकमेकांत अडकणारे प्लास्टिकचे ठोकळे साधारण एकेक इंच उंचीचे मिळतात. तीन इंच चढायचं तर खाली तीन, त्यावर दोन, त्यावर एक अशी उतरंड रचायची. जोडचाकी ट्रेलर असेल तर त्या अंगाची दोन्ही चाकं उचलायची, एकच उचलून चालत नाही. आणि टायर ठोकळ्यावर पुरता बसला पाहिजे, कडेने लोंबला की त्याच्या पोटातल्या तारांवर ताण येतो.

लेव्हलराव प्लास्टिकच्या ठोकळ्यांबरोबर लाकडी फळ्याही बाळगतात, कारण दीड इंच उचलायला एक ठोकळा कमी पडतो आणि दोन जास्त होतात. या फळ्यांवरून त्यांचं अमेरिकेशी जुनं भांडण आहे. इथल्या दुकानात जिला दोन बाय दहा म्हणतात, ती फळी प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि सव्वानऊ इंच रुंद भरते. रंधा मारल्यावर तेवढीच उरते, हे सगळ्या देशाला ठाऊक आहे आणि कुणालाही त्याचं काही वाटत नाही. लेव्हलरावांना वाटतं. पहिल्यांदा फळी घेतली तेव्हा त्यांनी काउंटरवर टेप लावून दाखवली. दुकानदार म्हणाला, "तिचं नावच तसं आहे." त्या दिवशी, ते सांगतात, आपण नागरिकत्वाचा अर्ज एक वर्ष पुढे ढकलला.

ठोकळे रचून झाले की ट्रक इंचाइंचाने सरकतो. चाक वर चढतं. चाक जरा जास्तच चढून पलीकडे उतरतं. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. शेवटी बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध येऊन थरथरतो आणि स्थिर होतो. लेव्हलराव श्वास रोखून धरतात. या क्षणी कुणी ट्रेलरमध्ये पाय ठेवलेला त्यांना खपत नाही. एकदा त्यांचा भाचा बाथरूमला जायचं म्हणून आत शिरला, तर बाहेरून आवाज आला, "मधोमध चाल! मधोमध!"

मग ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून अडसर लागतात, दोनदा तपासले जातात आणि मगच ट्रक सुटतो. अडसर लावायच्या आधी ट्रक सोडणारा माणूस लेव्हलरावांच्या लेखी माणूस नव्हे. हेही त्यांचं बरोबर आहे: उतारावर न अडवलेला ट्रेलर हिचवरून, म्हणजे ट्रकच्या जोडावरून, सुटला, तर तो मालकाची वाट पाहत नाही. मग पुढचा जॅक फिरवून लांबीची पातळी साधायची आणि सर्वात शेवटी चार कोपऱ्यांचे पाय जमिनीला टेकवायचे. हे पाय ट्रेलर हलू नये म्हणून असतात, उचलायला नसतात. त्यांच्या जोरावर ट्रेलर उचलायला गेलं तर पाय वाकतात, सांगाडा पिळवटतो आणि दारं अडकायला लागतात. शेजारी कुणी तसं करताना दिसला, तर लेव्हलरावांना जेवण जात नाही.

एवढं सगळं कशासाठी, असं विचारणाऱ्याला पूर्वी एक भक्कम उत्तर मिळायचं: फ्रिज.

जुन्या ट्रेलरमधला फ्रिज आपल्या घरातल्या फ्रिजच्या जातीचा नव्हे. त्याला मोटर नसते, कॉम्प्रेसर नसतो, थंडी तयार करण्याच्या कामात हलणारा एकही भाग नसतो. गॅसची लहानशी ज्योत पेटते आणि त्या ज्योतीच्या उष्णतेवर आत बर्फ होतो. स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या प्लॅटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी 1922 मध्ये ही युक्ती काढली. "विद्यार्थ्यांनी!" लेव्हलराव आपल्या मुलाकडे बघून सांगतात. मुलगा कानात इअरफोन घालतो.

नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन बंद केलेले असतात. ज्योतीने अमोनियाचं द्रावण उकळतं, वाफ वर चढते, थंड होऊन तिचा द्रव होतो, तो खाली ओघळतो, हायड्रोजनच्या संगतीत त्याची पुन्हा वाफ होते आणि तसं होताना तो आतली उष्णता ओढून घेतो. हा सगळा कारभार निव्वळ उतारावर चालतो. द्रव आपल्या वजनाने खाली यायचा, बस्स. ट्रेलर फार कलला की द्रव भलत्या ठिकाणी अडतो. ज्योत बिचारी खालून तापवतच राहते. नळी गंजू नये म्हणून आत घातलेलं सोडियम क्रोमेट अतिउष्णतेने सुटून बसतं, वाट बुजते आणि मग फ्रिजचं यंत्रच बदलावं लागतं. म्हणून साधारण नियम असा की एका दिशेला 3 डिग्री आणि दुसऱ्या दिशेला 6 डिग्रीपर्यंत चालवून घ्यायचं, त्यापुढे नाही.

आता चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात येईल की 3 डिग्री म्हणजे पावणेचार इंच. फ्रिजला पावणेचार इंच चालतात. लेव्हलराव पाव इंचासाठी खडीत लोळतात. मधल्या साडेतीन इंचांचा हिशेब त्यांना कुणी मागितला नाही, कारण अमोनिया आणि हायड्रोजन ऐकल्यावर माणसं चहाला उठून जातात.

मग त्यांनी नवा ट्रेलर घेतला. आणताना रीतसर पूजा झाली. आपल्या पद्धतीप्रमाणे चाकांखाली लिंबं ठेवायची होती. लेव्हलरावांनी पटेलांच्या दुकानातून सारख्या आकाराची चार निवडून आणली, न जाणो, तेवढ्याने तोल जायचा. नव्या ट्रेलरमध्ये बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज होता. त्याला थोडा कल आला, गेला, त्याचं काही वाटत नाही. मित्रमंडळींत आनंद पसरला. आता लेव्हलराव येतील, गाडी लावतील, खुर्चीत बसतील.

पहिल्याच मुक्कामाला ते खडीवर पालथे होते.

"फ्रिजला चालतं ना आता?" मी विचारलं.

"फ्रिजला चालतं रे," ते खालून म्हणाले, "न्हाणीघराला चालतं का? पाणी मोरीकडे जायला नको? उद्या आंघोळ केलीस आणि पाणी पलंगाखाली आलं, तर मला सांगू नकोस." मग दार आपोआप उघडण्याचा मुद्दा आला. मग भिंतीबाहेर सरकणारा खोलीचा भाग कललेला असताना अडकण्याचा. मग डोकं पायांपेक्षा खाली राहिलं की सकाळी ते कसं जड होतं, याचा. मग ऑम्लेट. तव्यावरचं ऑम्लेट एका बाजूला जाड आणि एका बाजूला पापुद्रा होतं, हे त्यांनी अशा गांभीर्याने सांगितलं की अमोनियाची आठवण झाली. कारणं एकामागून एक येत गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं की फ्रिज हा कधी मुद्दाच नव्हता. ऑफिसात त्यांनी नीट केलेली गोष्ट सोमवारी पुन्हा बिघडते. मुलगा त्यांचं ऐकत नाही, साताऱ्याच्या जमिनीचा वाद भाऊ मिटू देत नाही. यातलं काहीच अमुक झालं की नीट झालं, असं दाखवणारी नळी कुणी अजून काढलेली नाही. ट्रेलरला ती आहे. बुडबुडा मधोमध आला की काम संपलं, आणि संपलं याला पुरावा आहे.

म्हणूनच "यू आर गुड" असं म्हणणारे शेजारी त्यांना आवडत नाहीत. भला अमेरिकन शेजारी अंगठा वर करून म्हणतो, यू आर गुड. लेव्हलराव नम्रपणे विचारतात, "गुड म्हणजे किती?"

त्यांचं खरं वैर मात्र वेगळ्याच माणसाशी आहे. शेजारच्या साइटवर बसएवढी मोटरहोम येते. आतला गृहस्थ खाली उतरतसुद्धा नाही. एक बटण दाबतो. पोटाखालून चार हायड्रॉलिक पाय बाहेर येतात, जमीन चाचपतात, थोडं हे उचल, थोडं ते उचल असं आपापसांत ठरवतात आणि काही मिनिटांत ती अवाढव्य गाडी पातळीत उभी राहते. गृहस्थ आत टीव्ही लावतो. लेव्हलराव हे दृश्य हातात फळी घेऊन पाहतात. पट्टीच्या गवयाने रस्त्यात मोबाइलची रिंगटोन ऐकावी, असा चेहरा होतो. नंतर बराच वेळ कुणाशी बोलत नाहीत. शेवटी एवढंच म्हणतात, "बटण बिघडलं की येईल विचारायला."

तीर्थक्षेत्रंही त्यांची निराळी. यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज या कॅम्पग्राउंडवर अस्वलांच्या वावरामुळे तंबू लावू देत नाहीत, पक्क्या भिंतींची वाहनंच चालतात. नोंदणीच्या खिडकीपाशी सगळे अस्वलांची चौकशी करत होते. लेव्हलरावांनी विचारलं, "साइटला उतार किती?" वॉलमार्टची काही दुकानं आपल्या पार्किंगमध्ये रात्रभर थांबू देतात. देखावा म्हणून समोर सामानाच्या ढकलगाड्यांची रांग, पण डांबर त्यातल्या त्यात सपाट. लेव्हलराव त्या जागेचं वर्णन करतात तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, महाबळेश्वरबद्दल चाललंय.

पण त्यांचं काळीज अडकलंय युटामध्ये. तिथे बॉनव्हिल नावाचं मिठाचं मैदान आहे, पांढरं, क्षितिजापर्यंत सपाट. लोक तिथे मोटारींच्या वेगाचे विक्रम करायला येतात. लेव्हलराव उभं राहायला गेले. खिशातली पाणसळ मिठावर ठेवली. फिरवून ठेवली. तिसऱ्या दिशेने ठेवली. मग उठून चष्मा पुसायला लागले. तिथे मुक्काम करायला मात्र परवानगी नाही. "एवढ्या मोठ्या देशात," वहिनींना ते परतीच्या वाटेवर म्हणाले, "देवाने एक जागा नीट केली, आणि तिथे राहू देत नाहीत."

वहिनींबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लेव्हलरावांना लेव्हलमध्ये ठेवणारी व्यक्ती तीच. त्यांची स्वतःची पद्धत आहे. तीन यंत्रांची वादावादी हाताबाहेर गेली की त्या ओट्यावर एक लिंबू ठेवतात. लिंबू घरंगळलं तर म्हणतात, "अजून थोडं." जागेवर राहिलं तर ते चिरून सरबत करतात आणि सगळ्यांना देतात. सरबत हातात आलं की काम संपलं, हे आमच्या सगळ्या मंडळींना माहीत आहे. यंत्र 0.3 दाखवत असलं तरी. लेव्हलराव आधी निषेध करतात, मग सरबत पितात. त्यांच्या घरात अपील याच्या वर जात नाही.

रात्री मात्र ते अपील करतात. पाऊस झाला की खडी दबते, ठोकळे एखादा दोरा खाली बसतात. रात्री दोनच्या सुमाराला ट्रेलरमध्ये मोबाइलचा निळा उजेड दिसतो.

"झालंय किती?" वहिनींचा आवाज.

"पॉइंट पाच."

"झोपा."

थोडी शांतता. मग दार हळूच उघडतं. कॅम्पग्राउंडवर बहुतेक ठिकाणी रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते. लेव्हलराव ती कसोशीने पाळतात. डोक्याला टॉर्च बांधून, मोजे घालून, एकही शब्द न बोलता चाकाखाली बघून येतात. रात्री काही करता येत नाही हे त्यांना माहीत असतं. फक्त बघून येतात.

अशाच एका रात्रीच्या फेरीत त्यांना पलीकडच्या साइटवर उशिरा पोचलेलं एक तरुण जोडपं दिसलं. भाड्याचा ट्रेलर, धो धो पाऊस, हातात मोबाइलवरचा व्हिडिओ. मुलगा चाकांना अडसर न लावताच हिच सोडायच्या बेतात होता. लेव्हलराव मोज्यांसकट पळाले. त्यांनी त्याचा हात धरला, आपल्या ट्रकमधून ठोकळे आणले, उजवं अंग अडीच इंच उचललं, पाण्यात गाल टेकून बुडबुडा पाहिला, मग अडसर लावले आणि कुजबुजत्या आवाजात त्या दोघांना अमोनियाची संपूर्ण गोष्ट सांगितली. ती मुलं थंडीने काकडत होती, पण ऐकत होती. सकाळी ठोकळे परत करायला आली, तेव्हा लेव्हलरावांनी ते घेतले नाहीत. "ठेवा," म्हणाले, "तुमचं आयुष्य जायचंय अजून."

त्यांच्या ट्रकमध्ये म्हणून कायम ठोकळ्यांची नवी थैली असते. जुन्या वाटल्या गेलेल्या असतात.

एक विसंगती मात्र मला आजवर उलगडलेली नाही. ट्रेलर एका केसाने कललेला न चालणारा हा माणूस स्वतः संध्याकाळी बसतो ती घडीची खुर्ची उतारावर असते. एक पाय खड्ड्यात, एक मुळावर. खुर्ची डावीकडे झुकते, तिच्याबरोबर ते झुकतात आणि हातातला चहाचा मग मात्र आडवा राहील असा धरून तासन्‌तास शेकोटीकडे पाहत बसतात. "खुर्ची नीट करा की," असं सांगितलं तर म्हणतात, "राहू दे रे. काय फरक पडतो?"

तेव्हा वाचकहो, अमेरिकेत जाऊन ट्रेलर भाड्याने घेणार असाल, तर लेव्हलराव शेजारी मिळावेत अशी प्रार्थना करा. ठोकळे देतील, अडसर लावतील, मध्यरात्री पावसात येतील आणि पैसे विचारलेत तर रागावतील. आधी आडवं, मग लांबीचं, आणि अडसराशिवाय ट्रक सोडायचा नाही, एवढं त्यांच्याकडून शिकून घ्या. बाकी ऐकलं नाहीत तरी चालेल. फक्त नवीन घर घेतलं असेल, तर त्यांना लगेच जेवायला बोलावू नका. आधी बिल्डरकडून सगळी कागदपत्रं ताब्यात घ्या.